गाडी लागते, की गाडीचा धूर लागतो?



पाण्याच्या मोटारीचे सील, फवारणी पंपाचा वॉशर, सायकलचे पंक्चर अशी घरच्या घरी होणारी कामे आपण या सदरात पाहत आलो. मोटारगाडीच्या पोटाखाली शिरायचे काम मात्र मी आजवर मुद्दाम टाळले. का टाळले, ते पुढे सांगतोच. परंतु जुन्नर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आणि आता टाळून चालणार नाही असे दिसले.

पत्र थोडक्यात असे. घरी जुनी मारुती ८००. आठवड्याच्या बाजाराला डिक्कीत टोमॅटोचे क्रेट, मागच्या सीटवर दोन मुले आणि जाऊबाई, पुढे हे नवरा-बायको. गेले दोन महिने गाडी ट्रॅक्टरसारखा आवाज करते. "बाजारापर्यंतच्या १५ किलोमीटरांत दोन्ही पोरांना मळमळतं, दोनदा उलट्याही झाल्या. जाऊबाईंचं डोकं धरतं. घरचे म्हणतात, पोरांना गाडी लागते. पण भाऊ, हीच पोरं एस.टी.नं माळशेज घाट उतरून मामाकडे जातात तेव्हा यांना काही होत नाही." आणि शेवटी प्रश्न : "सायलेन्सर सडलाय. हे म्हणतात, गॅरेजला कशाला जायचं, चारीवर गाडी आडवी घालतो आणि खाली बसून बदलतो. मला त्या चारीची भीती वाटते. घरी बदलता येतो का, ते लिहावं."

बाईंनी विचारले सायलेन्सरचे, पण माझे लक्ष गेले ते घाटाच्या वाक्याकडे. घाटाच्या वळणांत ज्या मुलांना काही होत नाही, त्यांना सपाट रस्त्यावर गाडी कशी लागेल? पत्राखाली फोन नंबर होता. अंक निघायची वाट न पाहता मी फोन केला आणि दोनच गोष्टी विचारल्या. डिक्कीचे दार नीट बंद होते का? तर नाही, क्रेट उंच होतात म्हणून दार अर्धे उघडे ठेवून दोरीने बांधतात. आणि तुमच्या मालकांना त्रास का होत नाही? तर ते गाडी चालवताना आपल्या बाजूची काच खाली ठेवतात. मी म्हटले, "ताई, गाडी नीट होईपर्यंत पोरांना त्यात बसवू नका. बाजाराला एस.टी.नं जा, नाहीतर क्रेट शेजाऱ्याच्या टेम्पोत घाला."

आता हे कशामुळे, ते नीट समजून घेऊ.

पेट्रोल किंवा डिझेल जळते तेव्हा धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. पेट्रोलच्या गाडीत तो जास्त, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर फारच जास्त. या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास आपल्याला येतो तो दुसऱ्या पदार्थांचा. आपल्या रक्तातला जो लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत असते, पण प्राणवायू पुरेसा पोचत नाही. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, उलटी, गुंगी. आणि प्रमाण वाढले तर माणूस झोपेतच जातो. लहान मुले, गरोदर बाया आणि हृदयाचा विकार असलेली म्हातारी माणसे यांना तो लवकर बाधतो.

सायलेन्सर किंवा त्याचा पाइप मधेच फुटला म्हणजे धूर गाडीच्या मागे न जाता पोटाखाली सुटतो, आणि पत्र्यातल्या भोकांतून, फाटक्या रबरांतून आत शिरतो. त्यात मागचे दार उघडे असले की पाहायलाच नको. गाडी पळताना तिच्या पाठीमागे हवा विरळ होते आणि मागचा धूर उलटा आत ओढला जातो. मुले मागे बसलेली, म्हणून पहिला घास त्यांचा. सायलेन्सर अगदी नवाकोरा असला तरी डिक्कीचे दार उघडे ठेवून गाडी चालवू नये, ते एवढ्यासाठीच.

खूण अशी लक्षात ठेवा. खरी गाडी लागते ती वळणावर, खड्ड्यांत, आणि सहसा एकाला, फार तर दोघांना. धूर लागतो तेव्हा मागची सगळीच माणसे कमी-अधिक आजारी होतात, सरळ रस्त्यावरही होतात, आणि उतरून मोकळ्या हवेत बसले की तास-दोन तासांत बरी वाटतात. कोणी गुंगले, बडबडू लागले, उठवून उठेना, तर ताबडतोब मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना "गाडीचा धूर लागला असावा" हे शब्द आपणहून सांगा. नाहीतर उलट्या बघून अन्न बाधल्याचे उपचार सुरू होतात. करोनाच्या दिवसांत २०२०-२१ साली पुष्कळ घरांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन ठेवला आहे. या बाबतीत त्यावर मुळीच विसंबू नका. हा वायू चिकटलेले रक्त आणि प्राणवायूचे रक्त यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. माणूस बेशुद्धीला टेकलेला असतो आणि आकडा ९८ दाखवतो.

एवढे सांगितल्यावर सायलेन्सरकडे वळू.

मंडळी मला विचारतात, "आमची गाडी तर महिन्याला शंभर किलोमीटरही चालत नाही, मग सायलेन्सर कसा सडला?" कमी चालते म्हणूनच सडला. १ लिटर पेट्रोल जळले की साधारण १ लिटरच पाणी तयार होते, ते वाफ होऊन धुराबरोबर जाते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर कडक तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. पण वस्तीवरून गावात आणि गावातून वस्तीवर अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत तो तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन पोटात साठते, त्यात धुरातले आम्ल मिसळते, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचले की आरपार जातो. काही सायलेन्सरांना खालच्या अंगाला टाचणीएवढे भोक कारखान्यातूनच ठेवलेले असते, ते या पाण्यासाठी. गळते म्हणून ते बुजवू नका. कोकणातल्या वाचकांना खाऱ्या हवेमुळे बाहेरून गंजही आहेच. त्यांनी दर पावसाळ्यानंतर एकदा खाली वाकून पाहावे.

फुटले कोठे, ते शोधण्यासाठी सकाळी गाडी गार असताना अंगणात मोकळ्यावर उभी करा. शेडमध्ये नाही. गाडी चालू करायला एकाने बसावे, दुसऱ्याने बाजूला उभे राहून ऐकावे. जाड ओले पोते मागच्या नळीच्या तोंडाशी क्षणभर धरले की धूर कोंडतो आणि फुटक्या जागेतून फुस्‌फुस्‌ ऐकू येते. मग गाडी बंद करून, पार गार झाल्यावर, त्या जागी पाहा. जिथून धूर सुटतो तिथे काळ्या काजळीचा फराटा उमटलेला असतो. जुन्नरच्या गाडीला तो सायलेन्सरच्या अलीकडच्या जोडावर निघाला, आणि त्याच्या बरोबर वर डिक्कीच्या तळातले एक रबरी बूच गायब होते. रुपयाएवढे भोक, सायलेन्सर बदलला असता आणि हे बूच बसवले नसते तर काम अर्धेच झाले असते.

एकच भोक असेल आणि बाकीचा पत्रा जाड असेल तर सायलेन्सर काढून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ठिगळ मारून घेता येते. मात्र गाडीला लावलेला असताना वेल्डिंग करू देऊ नका, पेट्रोलची टाकी आणि नळी तिथून जवळच असतात. तेलाच्या डब्याचा पत्रा आणि तार गुंडाळणे हे फक्त घरी पोचण्यापुरते. पत्रा वाळल्या पानासारखा झाला असेल तर नवाच घ्यावा.

आता चारीचे. ताईंची भीती अगदी रास्त आहे. चारीचा काठ म्हणजे ओली माती. गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे साधारण दीड खिलार बैलाएवढे. चाकाखालचा काठ ढासळला तर खालच्या माणसाला सरकायला दोन्ही बाजूंनी जागा नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खोलगट जागी साचून राहते. तिथे एक ठिणगी पुरे. म्हणून चारी, चर, बांध, कालव्याची मोरी, यांतले काहीही नको.

मी हे काम आजवर का टाळले ते आता सांगतो. १९९८ सालची गोष्ट. माझी पहिली गाडी, सेकंडहँड. सायलेन्सर लोंबत होता. मी गाडी जॅकने उचलली, दोन्ही बाजूंना भट्टीच्या विटा चार-चार रचल्या आणि स्वतःवर खूश होऊन खाली शिरलो. दोन बोल्ट निघाले, तिसरा निघेना. तेवढ्यात आईने चहाला हाक मारली. दोनदा मारली, म्हणून उठलो. ओसरीवर बशी तोंडाला लावली आणि मागे धप्प झाले. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. जॅक काळ्या मातीत तिरपा बसला, सगळा भार विटांवर आला आणि विटांचा भुगा झाला. गाडी पोटावर बसली होती आणि माझा पाना तिच्याखाली होता. आई काही बोलली नाही. तिने चहा परत गरम केला.

वीट दाबाखाली वाकत नाही, कुरकुरत नाही, सूचना देत नाही. एकदम फुटते. फरशीचे आणि सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचे तेच. म्हणून गाडीखाली दगड, वीट, फरशी, ब्लॉक चालणार नाही. आणि गाडीबरोबर मिळालेला जॅक हा चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर हातसुद्धा खाली घालू नये.

मग काय करावे? दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लोखंडी घोड्या, ज्यांना दुकानात जॅक-स्टँड म्हणतात. दोन टन भाराची जोडी घ्यावी. चार घरांनी मिळून एक जोडी घेतली तरी वर्षभर सगळ्यांना पुरेल. दुसरा मार्ग सुताराकडचा. दोन इंच जाड, फूटभर रुंद अशा बाभळीच्या किंवा सागाच्या फळ्या घ्याव्यात. पायरी-पायरीने आखूड होत जातील अशा तीन-तीन फळ्या एकमेकींवर लांब स्क्रूने पक्क्या कराव्यात आणि वरच्या टोकाला चाक पुढे जाऊ नये म्हणून आडवी पट्टी ठोकावी. असे दोन चढ झाले की गाडी त्यावर हळू चढवायची. सहा इंच उंची मिळते आणि छोट्या गाडीखाली सडपातळ माणसाला काम करण्यापुरती ती पुरते. पोट सुटलेल्यांनी घोड्यांचा मार्ग धरावा. मला हल्ली तोच धरावा लागतो.

जागा सपाट आणि कडक हवी. सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम, नाहीतर ठोकून बसवलेला मुरूम. शेणाने सारवलेले अंगण दिसायला कडक दिसते, पण जॅकखाली खचते. तिथे जॅकखाली आणि घोड्यांखाली जाड फळी हवीच.

एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मारुती ८०० चा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू जॅकने उचलली की तो ब्रेक असून नसल्यासारखा. तेव्हा मागे उचलायची असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके ठोकून लावावेत. पुढे उचलायची असेल तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना गुटके. जॅक आणि घोडी लावायची जागा गाडीच्या कडेच्या जाड पट्टीवर खाचेने दाखवलेली असते. तळाच्या पातळ पत्र्याला किंवा इंजिनच्या ऑइल चेंबरला टेकवू नये. गाडी घोड्यांवर बसली की खाली शिरण्याआधी बाजूने दोन्ही हातांनी चांगली ढकलून पाहावी. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. शिवाय स्टेपनी काढून कडेच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवावी. बाकी सगळे चुकले तरी तेवढी फट राहते. बाहेर घरातले एक जाणते माणूस उभे पाहिजे, आणि लहान पोरे व कुत्री दूर. आत बसून स्टेअरिंग फिरवणाऱ्या बाळराजांची हौस दुसऱ्या दिवशी पुरवावी.

सामान आदल्या दिवशी जमवावे. नवा सायलेन्सर घेताना गाडीचे साल सांगून घ्या. ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत निघत होती आणि मधल्या काळात पाइपांची रचना बदललेली आहे. शक्य तर मोबाइलवर जुन्याचे फोटो काढून दुकानात दाखवा. त्याबरोबर जोडाचे नवे पॅकिंग, नवे नट-बोल्ट आणि टांगायच्या नव्या रबरी कड्या घ्याच. जुने पॅकिंग पुन्हा बसवले तर जोड गळणारच. १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने, तारेचा ब्रश, हातोडा, हॅकसॉ, जाड हातमोजे. आणि चष्मा. पाठीवर झोपून वर पाहताना गंजाचे खपले सरळ डोळ्यांत पडतात. साधा प्लास्टिकचा गॉगल असला तरी चालेल, पण हवा. गंजक्या पत्र्याने कापते, तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन किती वर्षे झाली तेही आठवून पाहा.

संध्याकाळी सगळे नट तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. ते न मिळाल्यास डिझेल चालते, पण त्याला वेळ जास्त लागतो. रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी गार, नट ओले. आता पाना लावून नट आधी किंचित आवळायच्या दिशेने द्या आणि मग सोडा. गंजाची पकड अशी दोन्हीकडे हलवून तुटते. झटके देऊ नका. मागच्या जोडाचा बोल्ट तुटला तर तुटू द्या, तो नवा घालायचाच आहे. पण इंजिनजवळच्या जोडाचे, मॅनिफोल्डचे स्टड मात्र जपा. तो स्टड तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो आणि ते घरचे काम नव्हे. तिथला नट अडून बसला तर थांबा, परत तेल मारा, जेवून या. तरीही न निघाल्यास मेकॅनिकला बोलवावे, त्यात कमीपणा नाही. आगीची टॉर्च किंवा ग्राइंडर गाडीखाली वापरू नका. ठिणगी आणि पेट्रोल यांची गाठ पडता कामा नये.

जुना पाइप बाहेर यायला वाकडा पडत असेल तर हॅकसॉने कापून दोन तुकड्यांत काढावा. पण त्याआधी नवा पाइप शेजारी ठेवून वळणे, लांबी आणि कड्यांच्या जागा जुळतात का, ते पाहा. जुने कापल्यावर नवे बसत नाही असे कळले तर गाडी आठवडाभर घोड्यांवर. कापताना करवतीजवळून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या बारीक नळ्या बघून घ्या. रबरी कड्यांना साबणाचे पाणी लावले की त्या सुटतात. ऑइल लावू नका, रबर फुगते.

बसवताना घाई होते ती अशी की लोक पहिलाच जोड कचकचून आवळतात. मग मागचे टोक बंपरला टेकते आणि गाडीभर थरथर. त्याऐवजी आधी सगळे रबरी कड्यांवर टांगून घ्या, जोडांत पॅकिंग घालून नट बोटाने फिरवून ठेवा, मग पुढून मागे हलवून पाहा. पाइप पत्र्यापासून, धुरीपासून आणि ब्रेकच्या नळीपासून दोन बोटे तरी दूर हवा. तसा आला की इंजिनाकडून मागे या क्रमाने आवळा. बोल्टांना थोडे ग्राफाइट ग्रीस लावले तर पुढच्या वेळी तुमचा जीव खाणार नाहीत.

ज्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, त्यांच्याबद्दल दोन शब्द. पाइपात पुढे फुगीर डबा दिसतो तो हाच. महानगरांत १९९५ पासून तो पेट्रोलच्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला आणि पुढे सगळीकडे आला. विषारी वायूचा बराचसा भाग तो मारतो. त्याच्या अलीकडे सेन्सरची वायर असते, तिचा प्लग काम करण्याआधी सोडवा, ओढू नका. कोणी म्हणेल, "हा डबा काढून सरळ पाइप टाकू, गाडी पळेल, जुना डबा मी नेतो." त्याला तो डबा कशाला हवा ते ध्यानात घ्या : आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या मोलाच्या धातूंचा लेप असतो. डबा काढल्यास गाडी पी.यू.सी.लाही बसणार नाही. हा डबा फार तापतो, म्हणून खळ्यावर, वाळल्या गवतात, सोयाबीनच्या भुसकटात गाडी उभी करू नये. खालून पेट घेते. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीला घरी हातच लावू नये, त्यात काजळी गाळणारे फिल्टर आणि बरेच सेन्सर असतात.

काम झाल्यावर गाडी खाली घ्या, मोकळ्यावर चालू करा. पहिली पाच-दहा मिनिटे नव्या रंगाचा आणि सांडलेल्या तेलाचा धूर निघेल, त्याला घाबरू नये. पोत्याची परीक्षा परत घ्या. शंभर किलोमीटर झाल्यावर, गार असताना, सगळे नट एकदा पुन्हा आवळा. पॅकिंग दबून ते ढिले पडतात.

जुन्नरहून परवा दुसरे पत्र आले. काम दोघा भावांनी मिळून गेल्या रविवारी केले. चारीवर नाही, दूध डेअरीच्या कोब्यावर, मागून आणलेल्या घोड्यांवर. तीन तासांचे म्हणून बसले आणि दिवस मावळला. मागचे दोन बोल्ट तुटले. डिक्कीतल्या भोकाला रबरी बूच बसले, दाराचे रबरही बदलले. क्रेटसाठी टपावर कॅरिअर करून घेणार आहेत, तोवर दोनच क्रेट आणि दार बंद. बाई लिहितात की जुना सायलेन्सर धाकट्या दिरांनी उचलून तिरपा केला, तर आतून तांब्याभर तांबडे पाणी त्यांच्या पायावर पडले, आणि मुलांनी विचारले की गाडी पाणी पिते का.